हिर्लेकरांचा सम्राट

शारजाहून दुबईला रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात. एक, पोटातलं पाणी दीड-दोन तास थोपवून धरायची ताकद, आणि दोन, गाडीत बरी सोबत. पहिली मला देवाने दिली होती. दुसरीच्या जागी त्याने चंद्रशेखर हिर्लेकर दिले.

हिर्लेकर कुटुंब आणि आम्ही अल मजाजमध्ये एकाच टॉवरमध्ये राहायचो, ते नवव्या मजल्यावर आणि आम्ही आठव्या. माझा नवरा अबू धाबीला कामाला. तो गुरुवारी रात्री उगवायचा आणि शुक्रवारी रात्री मावळायचा. मला लायसन्स काही मिळत नव्हतं, कारण परीक्षा घेणाऱ्या पोलिसाला माझी ब्रेक दाबायची पद्धत पसंत नव्हती. त्यामुळे हिर्लेकरांच्या पांढऱ्या सनी गाडीत मागची सीट माझी, ती कायमची. पुढे त्यांच्या शेजारी जहूर बसायचा. जहूर लाहोरचा, तंबू भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर, आणि आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत राहणारा. दर दहा मिनिटांनी एक वेलची तोंडात टाकायचा आणि डबी मागे माझ्याकडे द्यायचा.

हिर्लेकर स्वतः एसीच्या डक्टचे एस्टिमेटर. इमारतीचा नकाशा समोर आला की तिच्या छतातून पत्र्याची किती धुडं फिरणार याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. मूळचे चिपळूणचे. चौऱ्याऐंशी साली आखातात आले ते बॉससमोर मान खाली घालूनच, आणि ती पुढे वर केल्याचं मी तरी पाहिलं नाही. हॉटेलात मागवलं एक आणि आलं दुसरंच, तर दुसरंच खाऊन उठायचे. शोभनावहिनींना बघायला गेले होते तेव्हा पोहे कसे झालेत एवढंसुद्धा या गृहस्थाने सांगितलं नव्हतं, हे वहिनींनीच मला सांगितलं.

पण गाडी दुबईच्या रस्त्याला लागली आणि समोर ब्रेकच्या लाल दिव्यांची रांग दिसली, की या माणसाच्या अंगात यायचं. कोण यायचं, तर सम्राट फ्रेडरिक दुसरा. जर्मनीचा, इटलीचा आणि सिसिलीचा अधिपती, मुक्काम तेरावं शतक.

याचं मूळ असं. त्र्याण्णव साली जुमेराच्या एका व्हिलात हिर्लेकर डक्टचं माप घ्यायला गेले होते. तिथलं ब्रिटिश कुटुंब देश सोडून चाललेलं, सामानाची विक्री मांडलेली. ज्ञानकोशाचा एक अख्खा संच कुणीतरी आधीच उचलला होता, पण त्या माणसाच्या खोक्यात एक खंड मावला नाही. तो खंड होता इंग्रजी ‘एफ’चा. हिर्लेकरांनी तो पाच दिरहॅमला घेतला. म्हणजे तेव्हाचे चाळीसेक रुपये, हे ते आजही सांगतात. तेव्हापासून जगात ‘एफ’ने सुरू होणारं जे जे काही आहे त्यावर त्यांचा शब्द शेवटचा. फर्नेस, फंगस, फ्लोरेन्स, फाल्कन. बाकीच्या जगाबद्दल त्यांचं अज्ञान तितकंच पक्कं. एकदा मी विचारलं, हिर्लेकर, हा तुमचा सम्राट जन्मभर पोपशी भांडत बसला, तर त्या पोपचं म्हणणं तरी काय होतं? आरशातून माझ्याकडे बघत ते शांतपणे म्हणाले, “पोप पी मध्ये आहे.”

मी वेलची चघळली.

पण गोष्ट सांगावी तर त्यांनीच. ते नेहमी एकाच ठिकाणापासून सुरू करायचे. चार वर्षांचं पोर, बाप नाही, आई नाही, डोक्यावर राज्य आणि भोवती लबाड सरदार. पालेर्मोच्या गल्ल्यांतून ते भटकतंय, अरबी शिकतंय, ग्रीक शिकतंय, दुकानदारांनी दिलेलं खातंय. मोठं झाल्यावर रोममध्ये जाऊन सम्राट होतंय. नेपल्सला विद्यापीठ काढतंय. ससाण्यांवर मोठा थोरला ग्रंथ लिहितंय आणि पक्ष्याच्या डोळ्यांवर टोपी घालायची अक्कल अरबांकडून शिकल्याचं कबूलही करतंय. इथे खिडकीबाहेर खरोखरच एखादी लँडक्रूझर दिसायची. मागच्या सीटवर ससाणा टोपी घालून एसीत बसलेला असायचा आणि आम्ही तिघं आमच्या सनीत घामाघूम. मग हिर्लेकर म्हणायचे, बघा, आठशे वर्षांत काय बदललं?

जहूरला आवडायचा तो जेरुसलेमचा भाग. सम्राट सैन्य घेऊन जेरुसलेमवर निघाला. समोर सुलतान अल कामिल. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली, भेटी पाठवल्या, गणिताचे अवघड प्रश्न पाठवले, आणि तलवार न उपसता शहराचा करार करून टाकला. सुलतानाने हत्तीही दिला म्हणे. सम्राट जेरुसलेमात मुक्कामाला असताना तिथल्या काजीने पाहुण्याची झोप नको मोडायला म्हणून पहाटेची अजान थांबवली, तर सकाळी सम्राट म्हणाला, अहो, मी रात्रभर थांबलो होतो ते तीच ऐकायला. असं अरबी इतिहासकार लिहून गेलेत. हे ऐकताना जहूर दर वेळी डोळे मिटायचा. पुढच्या सिग्नलला म्हणायचा, “हिरलेकर साब, वो अजान वाला फिर से सुनाओ.” आणि हिर्लेकर पुन्हा सांगायचे. मागचे हॉर्न वाजवायचे तरी गाडी हलायची नाही.

सम्राटाचं राज्य किती पुढे जाणार हे रस्त्यावर ठरायचं. रस्ता मोकळा असला तर बाराशे सत्तावीस सालचा पोपचा कोपसुद्धा गाठला जायचा नाही. अपघात झालेला असला तर पार्माचा पराभव, मुकुटाची लूट, विषप्रयोग, सगळं होऊन सम्राट मरायचा आणि आमच्या ऑफिसांचा दुबईतला भाग, देरा, यायचा. मला राग यायचा तो याचाच, की ऑफिसला उशीर झाला आणि वर कुणाच्या तरी मयताला जाऊन आल्यासारखं वाटायचं.

दोन हजार एकच्या जूनमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, पर्णिका, दहावी होऊन पुण्याला आत्याकडे शिकायला गेली. आखातातल्या मराठी घरांत हे नेहमीचंच. अकरावी-बारावी तिकडे, म्हणजे पुढे कॉलेजला सोपं जातं. मुलगी उंच, बास्केटबॉल खेळणारी, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. तिला विमानात बसवून आल्यावर शोभनावहिनी फार थकल्या. घर सुनं झालं म्हणून असेल असं आम्हाला वाटलं, त्यांनाही तसंच वाटलं. बेचाळीस वय, पाळी मागेपुढे व्हायचीच. जुलैत डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि अभिनंदन केलं. चौथा महिना उजाडला होता.

दुसऱ्या दिवशी गाडीत हिर्लेकर सम्राटाबद्दल बोलले, पण ससाण्यांच्या जागी हत्ती आणि हत्तीच्या जागी पोप घातला. शेवटी देरा येता येता म्हणाले, आमच्याकडे ती बातमी आहे. कुठली ते म्हणाले नाहीत. जहूरने मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने अख्खी वेलचीची डबी हिर्लेकरांच्या मांडीवर ठेवली.

वहिनींना मात्र लाज वाटायला लागली. सोळा वर्षांच्या मुलीच्या आईला दिवस जावेत, हे त्यांना काहीतरी चोरी पकडल्यासारखं वाटे. त्यांनी ढगळ गाऊन शिवून घेतले, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला प्रकृतीचं कारण सांगितलं, भाजी फोनवर मागवायला लागल्या. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. लग्नाच्या नवऱ्याचं मूल आहे, तोंड कसलं लपवता? त्या नुसत्या हसायच्या आणि चहा टाकायच्या.

आता कमलिनीताई खांबेटे यांच्याबद्दल सांगणं भाग आहे. त्या समोरच्या टॉवरमध्ये राहायच्या आणि अर्ध्या शारजाला डबे, चकल्या आणि दिवाळीचा फराळ पुरवायच्या. हात असा, की त्यांची पुरणपोळी खाताना माणूस गावाकडची आठवण काढून रडावा. पण डब्याबरोबर बातमीही घरपोच. आणि दिवाळीत आपले लाडू अडकतील या भीतीने कुणी त्यांना उलटून बोलत नसे. सप्टेंबरात माझ्याकडे डबा आला तेव्हा त्या दारातच थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या की हिर्लेकरांची पोरगी एकदम पुण्याला कशी काय गेली? नि आई लगेच बेचाळिसाव्या वर्षी गरोदर? आणि कुणाला पोट दिसलंय का तिचं? बाळंतपणाला म्हणे माहेरी पुण्यालाच जाणार आहे. मग त्या भुवया वर करून थांबल्या. बाकीचं मी मनात पूर्ण करावं अशी अपेक्षा.

मी पूर्ण केलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी डबा परत केला. त्या दिवशी रात्री ब्रेड खाल्ला आणि तो रागाच्या भरात चांगलाही लागला. पण बोलणं कुठे परत करता येतं? ते लिफ्टने वर-खाली फिरलं, मंडळाच्या सभेत फिरलं, आणि पर्णिकाच्या इथल्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या ई-मेलवर बसून पुण्यालाही पोचलं. की हिर्लेकरांकडे जे बाळ येणार आहे ते खरं पर्णिकाचं आहे.

तिचा फोन आला तेव्हा मी वहिनींकडेच होते. वहिनींच्या हातातून रिसीव्हरमधला आवाज मला ऐकू येत होता. मुलगी आधी ओरडत होती आणि मग नुसती रडत होती. दिवाळीच्या सुट्टीत आली ती घराबाहेर पडायची नाही या अटीवर. खोलीत बसायची. रोज खाडीच्या कडेने पळायला जाणारी पोर, पण पडदेसुद्धा उघडेना. पुण्याला परत जाणार नाही, कॉलेज नको, काही नको, असं तिने सांगून टाकलं. मला ते बघवत नव्हतं. गप्पा मारणाऱ्या बायका दोन-चार महिन्यांत विसरल्या असत्या, पण ही मुलगी विसरणार नव्हती.

गाडीतला सम्राट बंद पडला. हिर्लेकर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहायचे. रस्त्यावर तोबा गर्दी, तरी चकार शब्द नाही. जहूरने एकदा विचारून पाहिलं, “यल्ला, चलो, हमारा बादशाह किधर गया?” तर म्हणाले, बादशाहला ताप आहे. शेवटी एके दिवशी त्यांनी तोडगा सांगितला. शोभनाला लवकरच पुण्याला पाठवतो, विमानवाले सातव्या महिन्यानंतर घेत नाहीत. पर्णिकाही सोबत जाईल. तिकडे माहेरी नीट बाळंतपण होईल, इथलं बोलणं आपोआप थांबेल.

मी त्यांना रस्त्यातच झापलं. म्हटलं, हिर्लेकर, तुम्ही डक्टचे अंदाज कसे बांधता कुणास ठाऊक. दोघी मायलेकी पुण्याला जाणार, आणि चार महिन्यांनी परत येताना सोबत एक बाळ. कमलिनीताईंना याहून जास्त पुरावा काय हवाय? पहिलं सोडा, पण उशिराचं बाळंतपणसुद्धा माहेरीच व्हायला पाहिजे हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? त्यांनी इंडिकेटर न देता लेन बदलली. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. बैठकीत चौघं होतो, म्हणजे पर्णिका खोलीत होती पण दार उघडं होतं. वहिनींना नवऱ्याचं ते गप्प बसणं असह्य झालं असावं, कारण सात-आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन सम्राटाची चौकशी केली. म्हणाल्या, तुमच्या त्या फ्रेडरिकची आई कोण होती हो? तुम्ही नेहमी चार वर्षांच्या पोरापासूनच सुरू करता.

“कॉन्स्टन्स,” हिर्लेकर म्हणाले. “ती सी मध्ये असणार.”

एफमध्ये तिच्याबद्दल काहीच नाही का, म्हणून वहिनींनी लावून धरलं. हिर्लेकरांनी कपाटातून खंड काढला, चष्मा लावला. तिच्यावर दोनच ओळी होत्या. मी पाहिलं, वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. इतकी वर्षं त्या ओळी ते ओलांडून पुढे जात होते, कारण त्यांत बाळंतपण होतं आणि बाळंतपण ही बायकांची बाब. शेवटी त्यांनी ते वाचून दाखवलं, अडखळत, मराठी करत करत. सिसिलीची ही राणी लग्नानंतर कितीतरी वर्षांनी गरोदर राहिली. तोवर चाळिशी गाठली होती. लोक म्हणाले, या वयात? शक्यच नाही. कुणाचं तरी मूल आणून आपलं म्हणून दाखवणार. तेव्हा, असं सांगतात, की राणीने येसी नावाच्या गावच्या भर बाजारचौकात तंबू ठोकला आणि गावातल्या ज्या बायकांना बघायचंय त्यांनी आत येऊन बघावं म्हणून सांगितलं. तिथे, त्या सगळ्यांसमोर, फ्रेडरिकला जन्म दिला.

वहिनी त्या पानाकडे बघत होत्या. मग त्यांनी आपल्या गाऊनचा सैल घोळ मुठीत धरून पोटावर घट्ट ताणला.

“माझाही तंबू बाजारात ठोका,” त्या म्हणाल्या.

हिर्लेकरांना कळेना. मला मात्र तेवढ्यात कळलं, आणि आनंदाने मी त्यांच्या सोफ्यावर अशी काही बसले की स्प्रिंग वाजली. सातवा महिना चालू. डोहाळजेवण! ते घरात दार लावून थोडंच करतात? कुणी बागेत करतं, कुणी चांदण्यात, कुणी होडीत बसवून करतं. तर मग आमचं तंबूत. आणि तंबू कुठे? आमच्या चार टॉवरच्या मधोमध वाळूचं मोकळं मैदान होतं, जिथे दिवसा गाड्या लावायचे आणि संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळायची. चारी बाजूंनी मिळून शंभरेक बाल्कन्या त्या मैदानात डोकावायच्या. येसीचा बाजार याच्यापुढे काय होता?

तंबूचं जहूरने बघितलं. रमझान आठवड्यावर आला होता, सगळीकडे इफ्तारचे तंबू उभे राहायला लागले होते. त्याने त्यातलाच एक दोन दिवस आधी आणवला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि मैदानाच्या मालकाला फोन करून परवानगी मिळवली. मी भाड्याचं विचारलं तर म्हणाला, चारशे दिरहॅम होतात. मी तोंडाने “बावन्नशे रुपये” म्हणेपर्यंत तोच म्हणाला, “खलास, बहनजी. राणी साहिबा का टेंट है, किराया कैसा?” त्याला आम्ही सगळी गोष्ट सांगितली होती, आणि सम्राटाची आई ही सुलतानापेक्षाही शहाणी निघाली हे त्याने मोठ्या मनाने मान्य केलं होतं.

जेवण मी कमलिनीताईंकडेच सांगितलं. बायकांनी मला वेड्यात काढलं. पण स्वयंपाक त्यांचा असला की त्यांना यावंच लागणार, आणि इतकी चांगली पुरणपोळी दुसरीकडे मिळणारही नव्हती. मी काही स्वतःच्या पोटाशी वैर करणारी बाई नाही.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बर दुबईच्या देवळाजवळून आणलेल्या फुलांच्या दागिन्यांत शोभनावहिनी बसल्या. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मोगरा आणि शेवंतीचं. हिरवी साडी चापूनचोपून नेसलेली, त्यातून सात महिन्यांचं पोट असं मिरवत होतं की आंधळ्यालाही दिसावं. तंबूच्या कनाती मी चारी बाजूंनी वर गुंडाळून टाकल्या होत्या. बाल्कन्यांमध्ये मल्याळी, सिंधी, इजिप्शियन, सगळे चहाचे कप घेऊन उभे. आमच्या नातूरने, म्हणजे इमारतीच्या राखणदाराने, हौसेने पाइपने वाळूवर पाणी मारून धूळ बसवली होती.

ओटी भरायला पहिला मान मी कमलिनीताईंना दिला. त्या खण-नारळ घेऊन पुढे आल्या, पाटासमोर बसल्या. वहिनींनी त्यांचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. आतल्या बाळाला काय वाटलं कोण जाणे, पण त्याने अशी सणसणीत लाथ मारली की कमलिनीताईंचा हात उडाला आणि नारळ घरंगळत वाळूत गेला. आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, जरा जास्तच वेळ.

पण मग रांग पुढे सरकली आणि हसणं थांबलं. ओटी भरून झालेल्या बायका कोपऱ्यात कुजबुजू लागल्या. आई ठीक आहे, पण मुलगी कुठाय? सुट्टीला आलीय म्हणतात, मग दिसत का नाही? खरंच की. दोन पोटं एका वेळी असू शकतात, असं म्हणायला लोक कमी करणार नाहीत. अर्ध्या बायका नवव्या मजल्याच्या बाल्कनीकडे बघत होत्या आणि तिथला पडदा बंद होता. वहिनींचा चेहरा फुलांमध्ये उतरत चाललेला मला दिसत होता.

डोहाळजेवणात पुरुषांचं काम नसतं, म्हणून हिर्लेकर आणि जहूर लांब सनीला टेकून उभे होते. हिर्लेकरांनी ती बाल्कनीकडे वळलेली डोकी पाहिली आणि ते सरळ इमारतीत चालते झाले.

वर काय झालं ते मला पुढे पर्णिकाने सांगितलं. बाबा आले आणि तिच्या पलंगाच्या कडेला बसले. तिला वाटलं आता समजावणार. ते म्हणाले, मी तुला खाली चल म्हणणार नाही, मलाच इतकी भीती वाटतेय. मग म्हणाले की जेरुसलेम मिळालं तेव्हा पोपने सम्राटाला वाळीत टाकलेलं होतं. राज्य मिळवलं, पण त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवायला एक धर्मगुरू तयार होईना. त्याला शिवायचंच नाही, असं ठरलेलं. चर्चमध्ये सगळे बघत उभे.

“मग?” पर्णिकाने विचारलं. मराठीत.

“मग काय. वेदीवरचा मुकुट त्याने स्वतःच उचलला आणि घातला.”

एवढं बोलून ते उठले आणि लिफ्टचं बटण दाबून दार धरून उभे राहिले. पुढे पर्णिका म्हणाली की दार पुन्हा पुन्हा बंद व्हायला बघत होतं, आणि बाबा ते सोडत नव्हते.

आम्हाला खाली दिसलं ते असं. शाळेचा बास्केटबॉलचा बनियन आणि हाफ पँट घातलेली पर्णिका पायात बूट न घालताच ओल्या वाळूतून चालत आली. सडपातळ, काटक, केस मागे बांधलेले. ती तंबूच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि हळूहळू एक गिरकी घेऊन सगळ्यांकडे पाहिलं, बाल्कन्यांकडेसुद्धा. वहिनी उठायला गेल्या तर मी त्यांचा खांदा दाबला.

कमलिनीताई पुरणपोळीच्या ताटांपाशी होत्या. हातातली तुपाची वाटी त्यांनी खाली ठेवली. मला त्यांच्याबद्दल खूप काही बोलता येईल, पण त्या पुढे आल्या हे खरं. मान खाली घालून, पर्णिकाला आणि जेमतेम मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बाळा, माझं चुकलं. मी तुझ्याबद्दल खोटं बोलले.”

पर्णिका रडत होती. तिने नाक बनियनच्या टोकाला पुसलं.

“लाउडर, आंटी,” ती म्हणाली. “बोलला होतात तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं होतं.”

कमलिनीताईंनी वर बघितलं. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, शब्द न् शब्द तोच, पण या वेळी इतक्या मोठ्याने की बाल्कन्यांमधले कप खाली आले. सनीजवळ हिर्लेकर उभे होते. त्यांची मान वर होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायची त्यांनी काही घाई केली नाही.